एकाच मापाचे स्वेटर

मनकर्णाबाईंना पन्नास स्वेटरांमधून काय मिळणार होतं, ते आधी मांडते. एक, कलेक्टरीणबाईंच्या शेजारची खुर्ची. वेताची, दोन हातांची, सगळ्यांत जास्त स्वेटर देणारीसाठी ठेवलेली. दोन, मंडपातला फोटो. तीन, वैजापूरच्या बायकांची जिरवल्याचं समाधान, आणि खरं सांगायचं तर पहिल्या दोन गोष्टी या तिसरीपुढं काहीच नव्हत्या. पदरचं काय घालायचं, तर फक्त तोंडचा शब्द. तो त्यांनी भर सभेत घालून टाकला.

बासष्ट सालची दिवाळी तोंडावर आली होती आणि वर बर्फात चिनी घुसले होते. जवानांना गरम कपडे पाठवायचे म्हणून शहरात बायकांची सभा भरली. वैजापूरच्या सरूबाई उठल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडून चाळीस स्वेटर. तीस नोव्हेंबरच्या आत." टाळ्या पडल्या. दुसऱ्याला टाळ्या पडल्या की मनकर्णाबाईंना बसवत नाही. त्या पदर सावरून उठल्या. "छावणीकडून पन्नास."

छावणीत, म्हणजे आमच्या जुन्या लष्करी वस्तीत, विणता येणाऱ्या बाया किती आहेत, हे उठण्याआधी मोजायला हवं होतं. मी नंतर मोजल्या. एक.

ती एक म्हणजे हसीनाआपा, जनाना कपडे शिवणाऱ्या गयास टेलरची बायको. इंग्रजांच्या काळात तिची आई एका कप्तानाच्या बंगल्यावर आया होती. मडमेचं पोर सांभाळता सांभाळता आई विणायला शिकली आणि आईजवळ बसून ही. एरवी आमच्या भागात लोकर कोण विणणार? आमची थंडी म्हणजे अंगावर दोन गोधड्या घ्यायच्या आणि संक्रांत गेली की घडी करून ठेवायच्या.

हसीनाआपाचं घर आमच्या किराणा दुकानापासून चौथं. निजामाची राजवट संपवणाऱ्या पोलीस अ‍ॅक्शनला चौदा वर्षं झाली होती आणि त्या चौदा वर्षांत मनकर्णाबाई त्या घराचा उंबरा चढल्या नव्हत्या. तात्यासाहेबांचं तसं नव्हतं. तात्यासाहेब म्हणजे मनकर्णाबाईंचे यजमान, वकील. अ‍ॅक्शनच्या आधी शेरवानीत कोर्टात जायचे, नंतर आठ दिवसांत बंद गळ्याच्या कोटात दिसायला लागले, आणि अशील दोन्ही कपड्यांत तेच राहिले. पण बायका अशा गोष्टी कपड्यांवर नाही, उंबऱ्यावर ठरवतात. म्हणून मनकर्णाबाई मला बरोबर घेऊन गेल्या. मी मध्ये असले की दोघींनाही बोलायला बरं.

"आओ वकिलीणबाई," हसीनाआपा म्हणाली. "रस्ता चुकल्या का?"

"नाही. शिकायला आले."

आपानं त्यांचा हात हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला, भाजीवाल्याकडची काकडी पाहावी तसा. "हाथ चांगला आहे," म्हणाली. "वापरलेला नाही, पर चांगला आहे."

मी हसू दाबलं. मनकर्णाबाईंनी मात्र ते स्तुती म्हणून घेतलं. त्यांचा तो गुणच आहे.

शिकायला वीस बाया जमल्या, पण सुया नव्हत्या. गयासभाईंनी सायकलच्या चाकाच्या तारा कापल्या, दगडावर घासून टोकं गोल केली आणि दोन दिवसांत वीस जोड दिले. त्या आठवड्यात छावणीत बऱ्याच सायकली डुगडुगत चालल्या होत्या. कुणी कुणाला विचारलं नाही.

लोकर आली ती आमच्या दुकानात, कारण तराजू आमचा. खाकी रंगाच्या लडी, वीस किलो, आणि वास असा की जिऱ्याचं पोतंही मेंढरू वाटावं. एका स्वेटरला चारशे ग्रॅम धरले होते. पन्नासांना बरोबर वीस किलो. मनकर्णाबाईंनी नियम घातला, "जाताना लोकर तोलून द्यायची, येताना विणलेलं तोलून घ्यायचं. विश्वास आहेच हो सगळ्यांवर, पण वजन असू द्या." म्हणजे मी सुया न धरता समितीत आले. मला विणायचा कंटाळा आहे, हे इथंच सांगून टाकते.

लोकरीबरोबर एक कागद आला होता. इंग्रजीत छापलेला, स्वेटरचं माप लिहिलेला. तो मी गल्ल्यावर ठेवला आणि आत चहा टाकायला गेले. परत आले तर आमच्या ह्यांनी तो फाडून जिऱ्याची पुडी बांधून दिली होती. कुणाला दिली ते आठवेना. दुकानात मोकळा कागद दिसला की ह्यांचा हात थांबत नाही, लग्नपत्रिकासुद्धा मी पेटीत कुलूप लावून ठेवते. मी मनकर्णाबाईंना सांगितलं, "कागद आलाच नाही." पहिली लबाडी माझी, हे मान्य आहे.

आता माप कुठून आणायचं? वीस बाया मनकर्णाबाईंच्या ओसरीवर सुया धरून बसल्या आणि कुणालाच ठाऊक नाही की जवान किती लांब असतो.

"माप माझ्याकडं हाय," मागून आवाज आला.

ही भागूबाई. मूळची मुकुंदवाडीची. लेकीच्या बाळंतपणाला छावणीत आली आणि बारशानंतरही परत गेली नाही. तिचा मुलगा रामकिसन फौजेत होता. गणपतीत त्याचं पत्र आलं, 'आता वर, थंडीकडं निघालोय' असं. त्यानंतर काही नाही. फौजेचं टपाल आधी छावणीत येतं आणि मग गावोगाव वाटलं जातं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. फौजेचं टपाल फौजेत येतं, मुकुंदवाडीचं मुकुंदवाडीत, हे तिला समजावून सांगायला कुणाची जीभ रेटली नाही. सांडू पोस्टमन बोळात शिरला की ती रस्त्यावर जाऊन उभी राहायची. तो लांबूनच मान हलवायचा. पुढं पुढं तर तो बिचारा आमचा बोळ सोडून मागच्या अंगानं जायला लागला.

भागूबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि सुतळीचा एक तुकडा काढला. त्याला तीन गाठी. "ही छाती, ही उंची, ही बाही. फौजेचं माप हाय."

"फौजेचं माप तुमच्याकडं कसं?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"पोरगं फौजेत नाय का माझं?"

सगळ्यांत जवळचा जवान तिच्याच घरचा. मनकर्णाबाईंनी सुतळी डोक्याला लावली आणि तिच्या वीस नकला केल्या, प्रत्येक घराला एक. हसीनाआपानं बाहीची गाठ धरून सुतळी ताणून पाहिली.

"भागूबाई, ये बाही है क्या बिजली का खंबा?"

"फौजेत असलीच माणसं घेत्यात आपा," भागूबाई म्हणाली. "बारकी घेत नाय."

आपा तिच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "हौ. बारकी काय कामाची."

तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या नाही आलं.

काम आम्ही पापडासारखं वाटून घेतलं. पापडाला नाही का, एका घरी पीठ, एका घरी लाट्या, एका घरी लाटणं? तसंच. पाच घरांनी पाठी विणायच्या, पाच घरांनी पुढच्या बाजू, बाकीच्यांनी बाह्या. शेवटी हसीनाआपानं सगळं जोडायचं. मनकर्णाबाईंना बाही दिली, कारण चुकलं तर उसवायला सोपी. त्यांनी पहिली बाही सहा वेळा उसवली. आपा शेजारी बसून नुसती म्हणायची, "दो सुलट, दो उलट, वकिलीणबाई. कोर्ट नाही आहे हे, इथं तारीख मिळत नाही."

दुपारी सगळ्या मनकर्णाबाईंच्या ओसरीवर जमायच्या. पहिल्या दिवशी हसीनाआपाला चहा वेगळ्या कपात आला, कोनाड्यातल्या, कान तुटलेल्या. तिनं पाहिलं आणि प्याली. दिवाळी झाल्यावर कधीतरी तो कप बाकीच्या कपांत मिसळला आणि एक दिवस माझ्याच वाट्याला आला. मी पण प्याले. चहा तसाच लागतो.

सगळ्यांत लवकर शिकली भागूबाई. शेतात कापूस वेचलेली बोटं, न बघता चालायची. टाके मोजायची ती मात्र मोठ्यानं. सुरुवातीला सांडूची घंटी वाजली की एक टाका सुटायचा. नंतर नंतर घंटी वाजली तरी ती ओळ पुरी करूनच मान वर करायची. "निम्म्यात सोडली तर सुई निसटती," असं सांगायची. मला वाटायचं, सुईचं नाव पुढं करते. त्या वीस-बावीस दिवसांत मी तिला रस्त्यावर उभी राहिलेली फार पाहिली नाही, आणि सांडू पुन्हा आमच्या बोळातून जायला लागला.

आता वजनाचं. आपानं पहिले पाच स्वेटर जोडून आणले ते नोव्हेंबर लागल्यावर. मी एक पारड्यात टाकला. पाचशे साठ. दुसरा टाकला. पाचशे साठ. चारशे हवे होते. शहाण्या बाईनं तिथंच ओरडायला पाहिजे होतं. पण त्याच वर्षी सरकारनं शेर-छटाक बंद करून ही नवी किलोची वजनं गळ्यात मारली होती, आणि माझा त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता. मी म्हटलं, वजनंच खोटी. मी दुकानात बसून सरकारला दोन शिव्या दिल्या आणि स्वेटर घडी करून ठेवले. इतकी वर्षं लोकांचा तोळा तोळा पाहणारी बाई मी, आणि पस्तीस स्वेटर माझ्या नाकासमोरून असे गेले.

बावीस नोव्हेंबरला मी पोत्यात हात घातला तर हाताला गोणपाट लागलं. उरलेली लोकर तोलली. चारशे ग्रॅम. तयार स्वेटर पस्तीस. आदल्याच दिवशी चिन्यांनी लढाई थांबवल्याचं रेडिओनं सांगितलं होतं. पण वरची थंडी थांबली नव्हती आणि सरूबाईंचे चाळीसही थांबले नव्हते. शब्द तो शब्द.

मी ओसरीवर जाऊन सगळ्यांसमोर हिशेब सांगितला. मनकर्णाबाईंचा चेहरा उतरला. "पंधरा स्वेटरांची लोकर गेली कुठं? कुणी नेली?"

वीस बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, अमकीच्या पोराच्या डोक्यावर नवी कानटोपी दिसली होती. अमकी म्हणाली, "ती निळी आहे, डोळे फुटले का?" आणखी दोन मिनिटं गेली असती तर समिती तिथंच फुटली असती. तेवढ्यात भागूबाईनं सुया खाली ठेवल्या.

"कुणी नाय नेली. स्वेटरातच हाय."

"म्हणजे?"

"ते फौजेचं माप नव्हतं. माझ्या रामकिसनचं होतं. जाताना कोट शिवला त्याला, त्या टायमाला घेतलेलं." तिनं पदर तोंडाला लावला, पण आवाज सरळ होता. "लई उंच हाय तो. दारात वाकूनच येतो. आता पन्नासांतला कोणता त्याला जाईल, मला काय ठावं? म्हून मी म्हटलं, सगळेच त्याच्या अंगाचे असू द्या. कोणता बी गेला तरी बसंल."

मग मनकर्णाबाई बोलल्या, आणि त्यांचंही चूक नव्हतं. "अहो भागूबाई, तिथं हजारो माणसं आहेत! कुठल्या गाडीतून कुठं जाईल, त्याचा नेम आहे का? तुमच्या एका पोरासाठी पंधरा जणांचे स्वेटर गेले!"

"व्हय," भागूबाई म्हणाली. "गेले."

मनकर्णाबाई हसीनाआपाकडं वळल्या. "आपा, तुम्हांला तरी कळायला हवं होतं. शिंप्याच्या घरच्या तुम्ही."

"मला तर पैल्या दिवशीच कळलं."

"मग बोलला का नाही?"

"क्या बोलू? आई मुलाचं माप देते, मी त्याला कात्री लावू?" आपानं एक स्वेटर उचलून झटकला. "आणि मोठा स्वेटर बारक्याला चालतो वकिलीणबाई, बाही दुमडली की झालं. छोटा मोठ्याला चढत नाही."

बाजारात लोकर शोधली, पण मिळाली नाही. सगळ्या शहराला एकाच महिन्यात विणायचं सुचलं होतं. तेव्हा आपा घरी गेली आणि एक हिरवा स्वेटर घेऊन आली, कप्तानाच्या मडमेनं जाताना तिच्या आईला दिलेला. ओसरीवर बसली, गळ्याजवळचं टोक शोधलं आणि ओढायला लागली. सर्रकन ओळीमागून ओळ निघत गेली. आई गेल्यापासून तो तिनं कुणाला हात लावू दिला नव्हता, हे मला माहीत होतं. तिथं सांगितलं असतं तर तिला आवडलं नसतं.

मग सगळ्या उठल्या. एकीनं नवऱ्याचा मफलर आणला, एकीनं सासऱ्याची कानटोपी, सासरा ओसरीच्या पायरीपर्यंत मागं आला होता. मनकर्णाबाई आत गेल्या आणि तात्यासाहेबांची ट्रंक उघडली. दोन स्वेटर, एक पांढरी लोकरी बंडी, एक मफलर. तात्यासाहेब कोर्टात होते. संध्याकाळी परत आले तेव्हा ओसरीभर त्यांच्याच अंगावरची लोकर गुंड्यांच्या रूपात गडगडत होती.

"हे काय चाललंय?" ते म्हणाले.

"युद्ध," मनकर्णाबाई म्हणाल्या. "चहा आत आहे."

रंग मात्र सतरा. खाकी करायला आपानं मोहल्ल्यातली लग्नाच्या जेवणाची देग आणवली, डाळिंबाच्या साली उकळल्या, रंग पक्का बसायला वरून हिराकस टाकला. लोकर आत लाल गेली, निळी गेली, बाहेर आली तेव्हा सगळी मळकट हिरवी. वाळल्यावर मी तोलली. पाच किलो आठशे. पोत्यातले चारशे धरून सहा किलो दोनशे. चारशेच्या मापानं पंधरा होत होते आणि वर थोडी शिल्लक. मनकर्णाबाईंच्या जिवात जीव आला.

"आता मात्र लहान मापानं," त्यांनी सगळ्यांना बजावलं. सुतळ्या गोळा केल्या आणि प्रत्येकीवर उंचीत चार बोटं, बाहीत चार बोटं, छातीतही तेवढंच कमी करून नव्या गाठी मारल्या. जुन्या गाठी सोडवायच्या राहिल्या. "भागूबाई, तुमची हरकत नाही ना?"

"माझी कशाला," भागूबाई म्हणाली. "पस्तीस गेले की." पण तिनं सुतळी हातात घेतली तेव्हा जुन्या आणि नव्या गाठीमधल्या अंतरावरून तिचा अंगठा फिरत राहिला. ते सगळ्यांनी पाहिलं. पाहिलं नाही असं दाखवायला सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

पुढचे पाच दिवस मी दुकानात बसून जे पाहिलं ते असं. दुसऱ्याच दिवशी एक पाठवाली आली. "लक्ष्मीबाई, जराशी लोकर कमी पडली हो. माझा हात सैल आहे." मी दिली. दुपारी एक बाहीवाली. "उंदरानं कुरतडली." दिली. मग एक पुढच्या बाजूवाली, तिची तर पोरानं विहिरीत टाकली होती. उंदीर, पोरं, सैल हात. छावणीत एका आठवड्यात इतकी संकटं एकदम कधी आली नव्हती. मी तराजूवाली. मला कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. प्रत्येकीला वाटत होतं की लांब विणणारी ती एकटीच, आणि आपल्या एका पाठीनं किंवा बाहीनं कुणाला कळणार आहे! मी दर वेळी तोलून देत गेले आणि मनातल्या मनात पंधराचे चौदा, चौदाचे तेरा करत गेले.

अठ्ठावीस तारखेला दुपारी, दुकानात कुणी नसताना, मागच्या दारानं मनकर्णाबाई आल्या. दुकानाच्या मागच्या दारानं वकिलीणबाई! मी पाट दिला. त्या बसल्या नाहीत.

"लक्ष्मीबाई," त्या हळूच म्हणाल्या, "बाहीला जरा कमी पडतीय."

"किती?"

त्यांनी चार बोटं दाखवली.

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी जिऱ्याच्या पोत्याकडं पाहिलं. "दोन्ही बाह्यांना," त्या म्हणाल्या.

"बाई, एक सांगू का? अशी लोकर देत राहिले तर पन्नास होत नाहीत. सरूबाईंचे चाळीसाचे वाढलेत म्हणून ऐकते. खुर्ची जाईल."

"मला मोजता येतं." त्या आणखी जवळ सरकल्या. "काल मी बाही नव्या गाठीपर्यंत आणली आणि टाके बंद करायला घेतले. बंदच करवेना. नेमका तोच गेला त्याच्याकडं तर? मनगटं उघडी. माझ्या हातची." मग एकदम आवाज चढवून म्हणाल्या, "आणि हे कुणाला बोललात तर तुमच्या दुकानात पाऊल ठेवणार नाही."

मी तोलून दिली. थोडी वरही दिली. आयुष्यात गिऱ्हाइकाला वर दिल्याची ती एकच वेळ.

एकोणतीसला सगळे भाग हसीनाआपाकडं गेले. वेगवेगळ्या घरचे, प्रत्येक घरात चोरून लांब केलेले. खरं तर एक बाही लांब आणि एक आखूड असं काहीतरी व्हायला पाहिजे होतं. आपानं पाठीवर पाठ ठेवून पाहिली, बाहीला बाही लावली, आणि हसायलाच लागली. सगळे सारखे. एकही लहान नव्हता. तिचे स्वतःचे भाग तर त्या सुतळीपेक्षाही बोटभर जास्त होते. अकरा स्वेटर झाले. पस्तीस आणि अकरा, सेहेचाळीस.

भागूबाईला तो ढीग दाखवला तेव्हा तिनं एक उचलला, सुतळी लावली. दुसरा उचलला. तिसऱ्याला सुतळी लावलीच नाही. ती खाली बसली आणि तेवढ्यापुरती रडली, मग नाक पुसून म्हणाली, "बायांनो, तुम्ही लई लबाड हाव."

तीस तारखेला मंडपात वैजापूरच्या सरूबाईंनी अठ्ठेचाळीस स्वेटर मांडले. आम्ही सेहेचाळीस. मी मनकर्णाबाईंच्या कानात म्हटलं, "वजनानं मोजायला लावा, आपले सहा-सात किलो तरी जास्त भरतील." पण वहीत वजनाचा रकाना नव्हता. मोजणाऱ्या कारकुनानं आमचा एक स्वेटर उचलून धरला. त्याच्या छातीपाशी धरलेला तो गुडघ्यापर्यंत लोंबला.

"बाई, एवढा लांब कुणासाठी?"

"आमच्याकडची माणसं उंच असतात," मनकर्णाबाई म्हणाल्या. शेजारी तात्यासाहेब उभे होते, टाचा उंचावल्या तरी बायकोच्या खांद्याला लागणारे.

वेताच्या खुर्चीवर सरूबाई बसल्या. फोटोत मनकर्णाबाई दुसऱ्या रांगेत आहेत, अर्ध्या खांबाआड.

डिसेंबर संपता संपता सांडू पोस्टमन बोळात शिरला तो घंटी वाजवतच, थांबलाच नाही, दुकानापासून ओसरीपर्यंत नुसती घंटी. पत्र मुकुंदवाडीलाच गेलं होतं आणि तिथून फिरून आलं होतं. रामकिसनचं, फौजेच्या एका दवाखान्यातून. मनकर्णाबाईंनी मोठ्यानं वाचलं. तो जिवंत होता, जेवत होता, नर्सबाई चांगल्या होत्या. 'आई, इथं आम्हांला घरोघरीच्या बायांनी विणलेले स्वेटर वाटले. मला मिळाला तो बेंबीपर्यंत येतो आणि बाही कोपरापर्यंत. पण गरम आहे. माझ्या शेजारच्या खाटेवर एक बारका गोरखा आहे, त्याला एवढा मोठा मिळाला की तो त्यात पाय घेऊन झोपतो आणि विणणाऱ्या बाईला रोज आशीर्वाद देतो. मी त्याला म्हटलं बदल, तर देत नाही.'

भागूबाई हसायला लागली आणि तिच्याबरोबर सगळी ओसरी. हसीनाआपा सुई हातातून पडेपर्यंत हसली. मनकर्णाबाई पुढं वाचायच्या थांबल्या होत्या. हसू ओसरल्यावर त्यांनी उरलेल्या दोन ओळी वाचल्या, हळू.

तर कुणी काय भरलं, ते असं. तात्यासाहेबांनी दोन स्वेटर, एक बंडी, एक मफलर. संक्रांतीपर्यंत ते कोर्टात खोकत होते आणि विरुद्ध पक्षाचा वकील त्याचा फायदा घेत होता. हसीनाआपानं आईचा हिरवा स्वेटर. मनकर्णाबाईंनी खुर्ची, तीही चार बोटं लोकरीपायी, जाणूनबुजून. मी वर दिलेली मूठभर लोकर आणि नव्या वजनांना दिलेल्या शिव्या, त्या परत घ्याव्या लागल्या. वैजापूरच्या सरूबाईंनी काही भरलं असेल तर त्यांचं त्यांना माहीत. भागूबाईचं काही गेलं नाही असं ती म्हणते, आणि जानेवारीपासून ती हसीनाआपाकडं मोज्यांची टाच वळवायला शिकते आहे. महिनाभर आम्ही छाती, उंची, बाही मोजत बसलो. मोजे आमच्यापैकी एकीनंही विणले नव्हते. रामकिसननं वरच्या बर्फात डाव्या पायाची दोन बोटं भरली.